गुलाबी अभ्रे

४ फेब्रुवारी

तीर्थरूप अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. हसू नकोस. दिवसभर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहून बहिणीला पत्र कसं सुरू करतात ते विसरायला झालंय.

तुम्ही इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायका संपावर गेल्यापासून मला झोप नाही. फोन करणार होतो, पण खात्यातले फोन कोण कुठे बसून ऐकतं ते सांगता येत नाही. औद्योगिक संबंध खात्याच्या सभागृह-अधीक्षकाची सख्खी बहीण संपात आहे, हे सचिवसाहेबांना कळलं तर माझी बढती बोंबलली. म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक.

सरकार तुमचा अत्यंत सहानुभूतीनं विचार करतंय, अक्का. माझ्या सभागृहात रोज बैठक होते. कालची बैठक ‘संपाचा काहीही परिणाम झालेला नाही’ हे लोकांना कसं पटवावं यावर होती. ती संध्याकाळपर्यंत चालली, चहाच तीनदा द्यावा लागला. गुरुवारी तुमच्या चौघींना चर्चेला बोलावलंय. नीट बोला. तुमच्या त्या संघटनेच्या बाईंना, फौजदारीण म्हणता ना त्यांना, सांग की टेबलावर हात आपटू नका. काच नवी आहे.

माझं ऐकशील तर तू आपली मुकाट्यानं कामावर जा. या वयात झेंडे कसले धरतेस?

तुझा,
बारक्या

ता. क. पांढऱ्या सुती कापडावरचे चहाचे जुने डाग कशानं जातात? ही विचारत होती.


८ फेब्रुवारी

बारक्यास,

आशीर्वाद शेवटी देते, उरले तर.

पत्र फाडलं नाही. कागदाची दुसरी बाजू कोरी होती, त्यावरच हे लिहितेय. आता तुझं पत्र तुझ्याकडेच परत आलं, तूच फाड.

झेंडे कसले म्हणतोस? तू आमचा रोलर कधी पाहिला आहेस का? दोघींनी ओली चादर ताणून धरायची, दोन तापलेल्या रुळांच्या मध्ये सोडायची, रूळ ती आत ओढतात आणि पलीकडून पापडासारखी कडक बाहेर काढतात. आमच्यातली नानी वीस वर्षं चादरी सोडत होती. त्या दिवशी चादर गेली आणि चादरीमागून नानीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. समोरचं टोक मी धरलं होतं. मला नुसतं वाटलं, चादर जरा अडली.

आम्ही चंद्र मागत नाही. रुळांच्या तोंडाशी जाळी बसवा म्हणतोय, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली. तर म्हणे समिती नेमली. समितीत सगळ्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत, त्यांना घाई कशाची?

गुरुवारी आलो होतो आम्ही. व्हरांड्यात उभं केलंत. दुपार कलल्यावर शिपाई आला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, “अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव बैठक तहकूब.” फौजदारीण म्हणाली, “अरे बाबा, बोलायला कसलं तंत्र लागतं? तोंड लागतं. ते आम्ही आणलंय.” तो हसला आणि पळाला. दार उघडंच होतं. टेबल होतं, पंखा फिरत होता, खुर्च्या होत्या. तूही होतास कोपऱ्यात. मला बघितलंस आणि भिंतीवरचं घड्याळ वाचायला लागलास. लहानपणी दूध सांडलंस की असाच आढ्याकडे बघायचास.

डागांचं म्हणशील तर गार पाण्यात सोडा टाकून भिजत घालायचं. पण तुझ्या बायकोनं विचारलं हे मला पटत नाही. तिच्या घरात पांढरं कापड मी कधी पाहिलं नाही. खरं काय ते लिही.

अक्का


११ फेब्रुवारी

अक्का,

तुझ्यापासून काही लपत नाही. हे मात्र खरंच फाडून टाक. कोरी बाजू ठेवलेली नाही, म्हणून मुद्दाम दोन्हीकडून लिहितोय.

तांत्रिक कारण म्हणजे खुर्च्यांचे अभ्रे.

आमच्या सभागृहातले अभ्रे तुमच्याच धुलाईखान्यात येतात. एक संच धुवायला आला आणि तुम्ही गेटला कुलूप लावलंत. दुसरा संच ‘संपाचा परिणाम झालेला नाही’ या बैठकांमध्ये चहानं माखला. अभ्र्याशिवाय बैठक घेता येत नाही, असा नियम आहे. तू म्हणशील, उघड्या खुर्चीवर बसलं तर काय होतं? अगं, मंत्र्यांच्या खुर्चीला पूर्ण अभ्रा, सचिवांच्या खुर्चीला पाठीपर्यंत, उपसचिवांना नुसता डोक्यामागचा. अभ्रे काढले की सगळे सारखेच दिसतात. मग बोलायला आधी कुणी सुरुवात करायची?

बाहेरच्या लाँड्रीत द्यावेत, तर कारण काय लिहायचं? संपामुळे, असं लिहिलं की परिणाम झाला हे कबूल केल्यासारखं होतं. नवे घ्यावेत, तर जुने बाद ठरवायला बैठक घ्यावी लागते आणि ती त्याच सभागृहात. शेजारची खोली उपमंत्र्यांची. मंत्री तिथे बसले तर वर्तमानपत्रवाले त्यांना खाली ओढलं म्हणून छापतील.

शेवटी उपसचिव म्हणाले, मी घरी नेतो, माझ्याकडे कपडे धुवायचं यंत्र आहे. मी गठ्ठा बांधून, वर फाइलीची लाल फीत बांधून, लाखेचं सील मारून दिला. सरकारी वस्तू बाहेर जाताना तसंच द्यावं लागतं. आणि सील फोडायला सचिवांची सही लागते. सचिव दौऱ्यावर. म्हणून उपसचिवांनी गठ्ठा न सोडता फितीसकट यंत्रात टाकला. ताप पूर्ण ठेवला.

अभ्रे गुलाबी झालेत, अक्का. सगळे. डाग आहेतच, ते आता गुलाबीवर आहेत.

मंत्री म्हणाले, “संपवाल्यांचे झेंडे लाल, आणि आमच्या खुर्च्या गुलाबी? लोक म्हणतील निम्मे फितूर झाले.”

उद्या ड्रायव्हरच्या हाती पिशवी पाठवतोय. घरी गुपचूप धुऊन दे. अभ्रे पांढरे झाले की लगेच चर्चा होईल, म्हणजे यात तुमचाच फायदा आहे. एवढं कर. तुझ्या पाया पडतो.

बारक्या


१५ फेब्रुवारी

बारक्या,

तुला अक्कल वाटताना देव चहा प्यायला गेला होता.

गुपचूप म्हणे! सरकारी गाडी, लाल दिव्याची, आमच्या गल्लीत. पोरं मागे धावत आली. ड्रायव्हर टोपी सांभाळत दारात उभा आणि ओरडून विचारतोय, “धुलाईवाल्या अक्का इथेच राहतात का?” आत माझ्याकडे फौजदारीण, भट्टीवरच्या दोघी आणि नानी बसलेल्या. पिशवी कॉटखाली सारली, तर तिचं तोंड सुटलं आणि एक गुलाबी टोक बाहेर आलं.

फौजदारीण नुसती उठली आणि हातातला कप अर्धा तसाच ठेवून गेली. बाकीच्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी गेटापाशी मी पोचले तर सगळ्यांनी सरकून सतरंजीवर पुरेशी जागा केली. नको एवढी जागा केली. एकटी बसले मधोमध. भट्टीवाली हळूच म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतपत हळू, “जिचा भाऊ मंत्रालयात, तिला जाळीची काय गरज?” मी तिच्याबरोबर बारा वर्षं चादरी झटकल्यात. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी घरी गेले, पिशवी आणली आणि सगळ्यांच्या पुढे ओतली. तुझं पत्रही वाचून दाखवलं. फाडून टाक म्हणालास ते वाक्यसुद्धा. फितीपाशी आले तेव्हा पहिल्यांदा नानी हसली. बोटं गेल्यापासून पहिल्यांदा. पट्टी बांधलेल्या हातानं डोळे पुसायला गेली आणि जास्तच हसली. मग सगळ्याच. फौजदारीण म्हणाली, “अक्का, शपथ आहे, परत वाच.” तीनदा वाचलं.

आता निर्णय ऐक. आम्ही धुणार नाही. संपात धुणं म्हणजे संप मोडणं, मग ते घरच्या बादलीत असो की मंत्र्याच्या. पिशवी त्याच ड्रायव्हरबरोबर परत येतेय. मोजून घे.

तू माझा फायदा बघत होतास हे मला कळतं. पण विचारायच्या आधीच माझा फायदा ठरवू नकोस. ती तुझ्या खात्याची खोड आहे, घरात आणू नकोस.

अक्का


१७ फेब्रुवारी

अक्का,

पत्र तिघींपुढे वाचलंस की तीसजणींपुढे, हे आता विचारतच नाही.

वाईट बातमी आहे. बडतर्फीचा हुकूम तयार झालाय. पहिलं नाव तुझं आहे, वयानं थोरली म्हणून. मलाच टाइप करायला दिला. तुझं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं, तर उपसचिव म्हणाले, “नीट करा, कोर्टात टिकलं पाहिजे.”

तुला माहीत आहे, दाजींची नोकरी सुटल्यापासून तुमचं घर तुझ्यावर आहे. हुकूम एकदा मंजूर झाला की निवृत्तीचं काही मिळणार नाही. अजून वेळ आहे, कारण मंजुरी बैठकीतच द्यावी लागते आणि बैठक अजून लागलेली नाही. तोपर्यंत कामावर हजर हो. मी हात जोडतो.

बारक्या


१९ फेब्रुवारी

बारक्या,

बैठक का लागलेली नाही रे?

मी विचारते, तू उत्तर दे. मंजुरीची बैठक कुठे व्हायची? त्याच सभागृहात. खुर्च्यांना काय घालणार? गुलाबी? म्हणजे अभ्रे मळलेले आहेत तोवर तुम्हाला आमच्याशी बोलताही येत नाही आणि आम्हाला काढताही येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पिशवी धुतली असती तर त्याच अभ्र्यांवर बसून तुम्ही मला घरी पाठवलं असतंत, आणि माझ्याच हातची कडक इस्त्री!

गेटावर हे सांगितलं तर भट्टीवालीनं मला मिठी मारली. दोनदा मारली. एक आजची, एक त्या दिवशीच्या बोलण्याची.

पण खरं सांगू? हसून पोट भरत नाही. घरी तुझे दाजी डबे उघडून बघतात आणि परत लावतात. दोघीजणी काल विचारत होत्या, आत गेलं तर काय होईल. त्यांना मी शिव्या दिल्या नाहीत. त्यांची लेकरं लहान आहेत. फक्त म्हटलं, आत गेलात तर नानीची जागा कोण घेणार तेवढं ठरवून जा. रोलर तसाच आहे.

मी जाणार नाही. घाबरलेय, पण जाणार नाही. तू उगाच हात जोडू नकोस, दोन्ही हात धड आहेत तर काहीतरी कर त्यांनी.

अक्का


२४ फेब्रुवारी

अक्का,

तुझ्या शेवटच्या ओळीनं मला जेवण गेलं नाही. असो.

तुम्ही गेटातून पाहिलंच असेल, धुलाईखान्यात लष्कराचे जवान आणले. ‘परिणाम झालेला नाही’ हे सिद्ध करायला. पहिल्याच दिवशी एका जवानाची बाही रोलरनं खांद्यापासून ओढून नेली. पोरगा वाचला, सदरा पलीकडून इस्त्री होऊन आला. त्यांचे मेजर आत आले, रोलरकडे बघितलं आणि म्हणाले, “याला जाळी का नाही? माझा एकही माणूस याला हात लावणार नाही.”

तासाभरात जाळी बसली, अक्का. ज्या जाळीला समिती, उपसमिती आणि अभ्यासदौरा लागणार होता ती. मी स्वतः साहित्य पोचवलं.

पण पुढचं वाच. जाळी लष्कराच्या सुरक्षिततेच्या नावाखाली बसवली आहे. सोमवारी जवान जाणार. ते गेले की जाळी काढून त्यांच्या गोदामात जमा करायची, असा लेखी आदेश आहे. तुम्हाला दिली असं झालं तर संपापुढे झुकलो असं होईल. म्हणून बसवायला एक तास आणि काढायला दोन माणसं नेमली आहेत.

अभ्रे अजून गुलाबीच आहेत; जवानांना हुकूम फक्त इस्पितळाच्या चादरींचा आहे, खुर्च्यांचा नाही. सचिवसाहेबांनी काल विचारलं, “दुसरा काही मार्ग?” सगळे फायली चाळायला लागले. मीही.

बारक्या


२५ फेब्रुवारी

बारक्या,

जवानाची बाही गेली तर एका तासात. नानीची बोटं गेली तर समिती. आमच्या कातडीपेक्षा त्याचा सदरा मोलाचा. त्या पोराबद्दल राग नाही, तो गेटापाशी आला होता, उघड्या खांद्यानं, आणि नानीला म्हणाला, “मावशी, तुम्ही बरोबर होतात.” तुमच्या अख्ख्या खात्यात एवढं वाक्य कुणाला जमलं नाही.

आता ऐक, आणि या वेळी घड्याळाकडे बघू नकोस. खुर्च्यांची अडचण आहे ना? मग जिथे खुर्चीच नाही तिथे आणा त्यांना. धुलाईखान्यात आम्ही सगळ्या जन्मभर उभ्या आहोत. तिथे कुणाला अभ्रा लागत नाही. सोमवारच्या आत, जाळी जागेवर असताना आणा. वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलवा. मंत्र्याला फोटो काढून घ्यायला आवडतं की नाही? जाळीशेजारी उभा करा. एकदा तिच्यावर हात ठेवून फोटो छापून आला की मग कोण काढतो ते बघते.

कसं आणायचं, काय नाव द्यायचं ते तू बघ. नावं देण्याचाच पगार मिळतो तुम्हाला.

अक्का


३ मार्च

अक्का,

नाव सापडलं होतं: ‘स्थळ पाहणी’. पाहणीला उभं राहूनच जातात, नियमात खुर्चीचा उल्लेखच नाही. सचिवसाहेबांकडे घेऊन गेलो. ते खूश झाले, म्हणाले, “ही कल्पना कुणाची?” तोंडावर ‘माझी’ आलं होतं. पण म्हटलं, “माझ्या बहिणीची. ती धुलाईखान्यात आहे. संपात आहे. हुकमावर पहिलं नाव तिचंच.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग साहेब म्हणाले, “कुठला संप?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण अक्का, ते खरंच विचारत होते. मंत्री पाहणीला जायचे तर संपवाल्यांकडे गेले असं दिसता कामा नये. म्हणून संप नव्हताच असं ठरलं. मी हळूच विचारलं, “मग जो संप झाला नाही त्यात भाग घेतला म्हणून बडतर्फ कसं करायचं?” साहेबांनी चष्मा काढून पुसला. हुकूम मागे घेतला.

बाकीचं तू बघितलंसच. मंत्री आले, वाफेनं त्यांचा कोट लोळागोळा झाला, जाळीवर हात ठेवून ते म्हणाले की कामगारांची सुरक्षितता हा सरकारच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. फोटो पहिल्या पानावर आला. लष्कराला दुसरी जाळी देतोय.

आजचं प्रसिद्धिपत्रक तुझ्यासाठी उतरवून पाठवतो: ‘धुलाई विभागात कोणताही संप नव्हता, त्यामुळे तो मिटल्याच्या बातमीत तथ्य नाही. कर्मचारी कामावर परतल्याबद्दल सरकार समाधान व्यक्त करते.’ हे मीच लिहिलंय. बरं जमलंय ना?

आणि एक. मला बढती मिळाली. माझ्या खुर्चीला आता अभ्रा असेल. छोटा, डोक्यामागचा. सगळ्यांबरोबर तोही धुवायला पाठवतोय. आता तरी धुशील ना?

तुझा,
बारक्या


९ मार्च

बारक्यास,

आशीर्वाद. या वेळी आधी देतेय, कारण त्या साहेबापुढे ‘माझी बहीण’ म्हणालास. ते मी गेटावर वाचून दाखवलं. फौजदारीण म्हणाली, “पोरगं वाया गेलेलं नाही, नुसतं सरकारात गेलंय.”

अभ्रे धुतले. पहिल्याच दिवशी तोच गठ्ठा पुढ्यात आला, फितीसकट. या वेळी फीत मी दातांनी तोडली, कुणाची सही घेतली नाही. दोनदा भट्टी दिली तेव्हा गुलाबी गेलं. रोलरवर सोडले तेव्हा माझी बोटं जाळीपाशी थांबली आणि अभ्रा पुढे गेला. किती साधी गोष्ट आहे रे. मी मशीन बंद केलं आणि जरा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भट्टीवालीला वाटलं डोळ्यात सोडा गेला. मी म्हटलं, हो.

आता तुझ्या पहिल्या पानाच्या फोटोचं. त्यात आम्ही सगळ्या आहोत आणि नानी नाही. बघितलंस? मंत्री ओळीनं सगळ्यांशी हात मिळवत आले. नानीपाशी आले तेव्हा तिनं उजवा हात पुढे केला, पट्टी काढलेला. मुद्दाम केला असं मला वाटतं, ती नाही म्हणते. त्यांचा हात हवेतच राहिला. मग फोटोवाल्याला कुणीतरी म्हणालं, “मावशींना जरा बाजूला घ्या, वाफ येतेय.” वाफ सगळीकडेच होती. ज्यानं तिला दंडाला धरून बाजूला नेलं त्याला मी पाठमोरा ओळखला. लहानपणापासून ओळखते.

तू ते लिहिलं नाहीस. मी वाट बघितली, पुढच्या पत्रात येईल म्हणून. नाही आलं.

नानीला रोलरवर ठेवत नाहीत. ती आता घड्या घालते, डाव्या हातानं. तुझ्या खुर्चीचा अभ्रा तिनंच घडी केलाय. एका बाजूनं वाकडी आहे घडी. मी सरळ करायला गेले तर म्हणाली, राहू दे, भावाचा आहे ना, माझ्याच हातचा जाऊ दे.

तसाच घाल. इस्त्री करून घेऊ नकोस. रोज त्याला डोकं टेकवून बस.

रविवारी जेवायला ये. नानीही येणार आहे. तिचं ताट तू वाढायचं.

अक्का